१७, गॉफ स्क्वेअर: लंडनच्या एका जुन्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला येणारे नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र, सगळ्यांना मी आवर्जून एका घरी घेऊन जाते. अठराव्या शतकातला इंग्रजी लेखक आणि शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन याचं हे घर फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळात आहे. परतल्यावर लोकांचे प्रश्न येत राहतात, आणि जे अजून यायचे आहेत तेही निघण्याआधी तेच प्रश्न पाठवतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. जॉन्सनच्या साहित्यापेक्षा इथे घराबद्दल जास्त आहे, कारण माझा जीव त्या घरावर आहे.

१. हे घर नेमकं आहे कुठे? आणि ‘गफ’ म्हणायचं की ‘गॉफ’?

गॉफ. पत्ता १७, गॉफ स्क्वेअर, सिटी ऑफ लंडन. फ्लीट स्ट्रीटवर चालत असताना उत्तरेला अरुंद बोळ फुटतात. त्यातला एखादा धरून आत वळलात की दोन मिनिटांत बसचे आवाज मागे पडतात आणि छोटा फरसबंद चौक लागतो. चौकाच्या पश्चिम टोकाला लाल-तपकिरी विटांचं उंच घर दिसेल, तेच. पहिल्यांदा जाणारे हमखास चुकतात. भोवती काचेच्या ऑफिस-इमारती इतक्या दाटल्या आहेत की मध्ये असं काही असेल असं वाटतच नाही.

२. ‘टाउन हाउस’ म्हणजे आपल्याकडचा बंगला म्हणायचा की वाडा?

दोन्ही नाही. बंगल्याला चहूबाजूंनी मोकळी जागा असते, वाडा आतल्या चौकाभोवती पसरतो. लंडनचं टाउन हाउस उभं वाढतं. रस्त्यालगत जेमतेम दोन-तीन खिडक्यांएवढी जागा, शेजारच्या घराशी सामाईक भिंत, आणि तेवढ्याच जागेवर एकावर एक खोल्या. तळघर, तळमजला, पहिला, दुसरा आणि वर माळा. हे सगळं एका कुटुंबाचं, म्हणजे चाळही नव्हे. आपल्या वाड्यात माणूस ओसरीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात असा आडवा चालतो. इथे दिवसभर जिना चढतो-उतरतो.

याचं कारण जमिनीची किंमत. रस्त्याला लागून जितका दर्शनी भाग जास्त तितका पैसा जास्त, म्हणून घरं अरुंद ठेवायची आणि खोलात व उंचीत वाढवायची. १७ क्रमांकाचं घर मात्र चौकाचं टोक बंद करतं, त्यामुळे ओळीत दबलेल्या घरांपेक्षा त्याला उजेड चांगला मिळतो. तो उजेड वरच्या मजल्यांवर जाणवतो.

३. घर किती जुनं आहे? कोणी बांधलं?

साधारण १७०० सालचं. रिचर्ड गॉफ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने हा चौक वसवला. चौकाला नाव त्याचंच, आणि त्याच्या काळच्या घरांपैकी आज उभं असलेलं हे एकटंच.

पुण्याच्या पाहुण्यांना मी एक तारीख सांगते: शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. म्हणजे हे घर त्याहून तीसेक वर्षांनी मोठं. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, दगडी तट आणि जोती उरली. हे घरही आगीतून गेलं आहे, पण वाचलं. ती हकिगत प्रश्न १३ मध्ये.

४. म्हणजे हे ‘जॉर्जियन’ घर ना? सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

काटेकोरपणे पाहिलं तर नाही. पहिला जॉर्ज गादीवर आला १७१४ मध्ये. घर बांधलं तेव्हा तिसऱ्या विल्यमचं राज्य होतं. तरी लोक जॉर्जियन म्हणतात ते अगदी चूकही नाही, कारण पुढे शंभर वर्षं लंडनभर ज्या साच्याची घरं उठली त्या साच्याची घडण याच सुमारास बसत होती.

त्या घडणीमागे मोठी गोष्ट आहे ती १६६६ च्या आगीची. सप्टेंबरात चार दिवस शहर जळलं. आग फ्लीट स्ट्रीटवर फेटर लेनच्या आसपास येऊन थांबली, म्हणजे या चौकापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्याच वर्षी कायदा झाला: बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या हव्यात, आणि रस्ता केवढा आहे त्यावरून घर किती मजली असावं, भिंत किती जाड असावी हे ठरेल. लाकडी चौकटीची, रस्त्यावर झुकलेली जुनी घरं त्यानंतर बांधायला मनाई झाली. १७०७ मध्ये छपराखालची लाकडी कंगणी बंद झाली. १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत बसवण्याचा नियम आला, कारण बाहेर आलेलं लाकूड लवकर पेटतं. जुन्या लंडनमधून चालताना चौकटी किती आत आहेत एवढं पाहिलंत तरी घराचं वय अंदाजे सांगता येतं. एकदा ही सवय लागली की सुटत नाही.

५. आत गेल्यावर सगळ्यात आधी काय पाहावं?

आत गेल्यावर मागे वळा आणि दरवाजा आतल्या बाजूने पाहा. बहुतेक लोक तिकीट घेऊन थेट जिन्याकडे जातात आणि घरातली सर्वात बोलकी वस्तू पाठीमागे राहते.

दाराला हाताच्या बोटाएवढ्या जाड कड्यांची लोखंडी साखळी आहे. तिचं टोक साध्या आकड्यात अडकत नाही. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारख्या पिळाच्या लोखंडात ते फिरवून बसवावं लागतं. कारण असं: दारावर उजेडासाठी काचेची छोटी खिडकी असते. चोर ती काच फोडून आत आकडी सोडायचे आणि साखळी वर उचलून काढायचे. पिळात बसवलेली साखळी नुसती उचलून निघत नाही. त्याच काचेच्या खिडकीवर आडवी लोखंडी पट्टी आहे, काटे असलेली. चोर लहान मुलाला त्या फटीतून आत सोडत आणि आतून दार उघडून घेत, म्हणून ते काटे.

आपल्याकडच्या वाड्यांचा दिंडी दरवाजा, अडसर, खिळे ठोकलेली फळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळतं. मला मात्र त्या काट्यांपाशी दर वेळी थांबायला होतं, ते चोरापेक्षा त्या मुलाच्या विचाराने.

६. स्वयंपाकघर तळघरात का? घरभर वास आणि धूर होत नसे?

नेमकं त्यासाठीच. कोळशाची आच, धूर, भांडी आणि नोकरांची ये-जा सगळं खाली ठेवलं की वरच्या खोल्या स्वच्छ राहतात, अशी मांडणी होती. कोळसा जहाजाने न्यूकॅसलहून यायचा, म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत.

त्याची किंमत मोजायची ती जिन्याने. कोळशाच्या बादल्या तळघरातून माळ्यापर्यंत, खालून गरम पाणी वर, वरून राख आणि घाण पाणी खाली. खोलीत दिसणारी शेगडीची जागा कितीही देखणी असली तरी त्यामागे कोणाच्या तरी पायांचे कष्ट आहेत. इथला लाकडी जिना मूळचा आहे. त्याच्या कठड्यावरून हात फिरवताना हे आठवावं.

७. पहिल्या मजल्यावर भिंती सरकतात असं ऐकलं, खरं का?

सरकत नाहीत, बिजागरीवर फिरतात. जिन्याच्या चौकाच्या दोन बाजूंना खोल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये लाकडी फळ्यांचे मोठे पडदे. ते बंद केले की दोन स्वतंत्र खोल्या आणि मध्ये वाट. उघडून भिंतीला लावले की अख्खा मजला एक होतो. चार पाहुणे जमले, कोणी वाद्य वाजवणार असेल, तर असं करता येई. एरवी खोल्या लहान असलेल्या बऱ्या, कारण लहान खोली लवकर तापते.

आपल्याकडे सणाला माजघराची दारं काढून पंगत मांडायचे, त्याच्याशी याचं नातं मला जवळचं वाटतं. बहुतेक खोल्यांच्या भिंतींना अशाच लाकडी फळ्या आहेत. थंडीत उघड्या गिलाव्याची भिंत अंग गारठवते, लाकूड तेवढं गार लागत नाही.

८. काही घरांच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात. तो खिडकी-कराचा परिणाम ना?

लंडनमध्ये फिरणाऱ्या प्रत्येकाला हे कोणीतरी सांगतं, आणि ते अर्धंच खरं आहे. खिडकी-कर खरोखर होता: १६९६ पासून थेट १८५१ पर्यंत. घरात खिडक्या जितक्या, तितका कर. त्यामुळे लोकांनी खिडक्या बुजवल्या, हेही खरं. पण दिसली बुजवलेली खिडकी की कर, असं समीकरण मांडू नये. पुष्कळ ठिकाणी ती खिडकी पहिल्या दिवसापासून आंधळीच होती. आत धुराडं किंवा आडवी भिंत यायची, पण बाहेरून खिडक्यांची ओळ बरोबर दिसायला हवी, म्हणून विटांचा कोनाडा सोडायचा. भोवतालच्या विटा आणि बुजवलेल्या विटा एकाच रंगाच्या, एकाच चुन्यात सलग बांधलेल्या असतील, तर ती बहुधा मुळातलीच आंधळी खिडकी.

खिडक्यांबद्दल आणखी एक. वर-खाली सरकणारी ही तावदानं दोरीला टांगलेली असतात आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चौकटीच्या पोकळीत वजन लपवलेलं असतं. म्हणून एवढं जड तावदान एका हाताने वर जातं आणि जिथे सोडाल तिथे थांबतं. इंग्लंडमध्ये ही खिडकी रुळू लागली सतराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे हे घर बांधलं तेव्हा ती नवी गोष्ट होती.

९. जॉन्सन श्रीमंत होता का? एवढं घर त्याने घेतलं कसं?

घेतलं नाही, भाड्याने राहिला. १७४८ ते १७५९. भाडं वर्षाला तीस पौंड.

हिशेब असा. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटाने इंग्रजी शब्दकोशासाठी त्याच्याशी १७४६ मध्ये करार केला, १,५०० गिनींचा, म्हणजे १,५७५ पौंड. रक्कम मोठी वाटते, पण मदतनिसांचे पगार त्यातूनच द्यायचे होते. मुदत तीन वर्षांची होती, काम चाललं जवळजवळ नऊ वर्षं. घर निवडण्यामागे कामच होतं. छापखाना चालवणारा विल्यम स्ट्राहन इथून अगदी जवळ, आणि सहा माणसांना बसून लिहिता येईल असा माळा.

शब्दकोश छापून झाला, नाव झालं, आणि तरीही मार्च १७५६ मध्ये पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्याला पकडलं. त्याने कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनला चिठ्ठी लिहिली, त्याने सहा गिनी पाठवल्या आणि सुटका झाली. भिंतीवरचं तेलचित्र पाहताना ही चिठ्ठी लक्षात असू द्या. हे थकलेल्या भाड्याच्या काळजीत जगणाऱ्या माणसाचं घर आहे.

१०. शब्दकोश खरंच माळ्यावर तयार झाला? कसा?

हो. माळा म्हणजे छपराखालची लांब मोकळी खोली. सहा लेखनिक, त्यातले पाच स्कॉटिश, पेढीवरच्या कारकुनांसारखे उभ्या मेजांपाशी लिहायचे.

पद्धत अशी. जॉन्सन पुस्तकं वाचायचा. योग्य वाक्य सापडलं की शब्दाखाली शिसपेन्सिलीने रेघ मारून समासात शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचा. लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे, आणि चिठ्ठ्या अक्षरवार लावल्या जायच्या. त्यावर जॉन्सन अर्थ लिहायचा. पुस्तकं पुष्कळदा उसनी आणलेली असत, आणि परत मिळाल्यावर त्यांची दशा पाहून मालक हळहळत. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन जाड खंड निघाले: ४२,७७३ शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणं. किंमत साडेचार पौंड. भाड्याशी ताडून पाहा, जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं.

१७५८ मध्ये संगीतकार चार्ल्स बर्नी त्याला भेटायला आला. जॉन्सन त्याला माळ्यावर घेऊन गेला. तिथे पाच-सहा जाड ग्रीक ग्रंथ, साध्या लाकडाचं मेज आणि दीड खुर्ची होती. धड खुर्ची पाहुण्याला दिली आणि आपण तीन पाय आणि एक हात उरलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत बसला. मोठ्या लोकांच्या स्मारकांतून असे प्रसंग पुसले जातात, हा टिकला याचा मला आनंद आहे.

११. घरात आणखी कोण राहायचं?

पत्नी एलिझाबेथ, जिला तो टेटी म्हणायचा. १७५२ च्या मार्चमध्ये ती गेली. पुढची सात वर्षं तो या घरात विधुर म्हणून राहिला.

त्याच सुमारास दोन माणसं आली. ॲना विल्यम्स ही वेल्सची कवयित्री, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आली होती. शस्त्रक्रिया फसली, दृष्टी गेली, आणि जॉन्सनच्या घरातच ती राहिली. पहिल्या मजल्यावर तिच्या नावाची खोली आहे. दुसरा फ्रान्सिस बार्बर. जमैकात गुलामीत जन्मलेला मुलगा, टेटी गेल्यानंतर थोड्याच दिवसांत नोकर म्हणून आला, तेव्हा वय दहाच्या आसपास. जॉन्सनने त्याला पदरच्या पैशाने शाळेत घातलं आणि मृत्युपत्रात त्यालाच मुख्य वारस केलं, वर्षाला सत्तर पौंडांची तजवीज करून. ज्या शहराची भरभराट साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारावर चालली होती, त्या शहरात हे झालं. माझ्या दृष्टीने या घराच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं माणूस बार्बर आहे, आणि पाहुण्यांचा वेळ कमी असेल तर मी बाकी सोडून हे सांगते.

१२. बॉस्वेलने लिहिलेल्या प्रसिद्ध गप्पा याच घरात झाल्या ना? आणि बाहेर मांजराचा पुतळा कशाला?

नाही. जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल त्याला पहिल्यांदा भेटला १६ मे १७६३ रोजी, एका पुस्तकाच्या दुकानात. जॉन्सनने गॉफ स्क्वेअर सोडलं १७५९ च्या मार्चमध्ये. जॉन्सन इथे राहत असताना बॉस्वेल इथे कधी आलाच नाही. चरित्रातलं या काळाचं वर्णन त्याने इतरांच्या आठवणींवरून लिहिलं. जॉन्सन वारला १७८४ मध्ये जवळच्याच बोल्ट कोर्टात, पण ते घर पुढे आगीत गेलं. त्यामुळे सगळ्या आठवणी या एका घराला येऊन चिकटल्या.

मांजराचं नाव हॉज. समोरचा पुतळा १९९७ चा. शब्दकोशावर बसलेलं मांजर, पायाशी कालवांचे शिंपले. जॉन्सन त्याच्यासाठी स्वतः जाऊन कालवं आणायचा. नोकरांना मांजराच्या कामाला धाडलं तर ते मांजराचा राग धरतील, ही त्याची काळजी. मुलांना घेऊन जाणार असाल तर सुरुवात हॉजपासूनच करा.

१३. एवढ्या बदलांत हे घर वाचलं कसं?

दोनदा वाचलं. जॉन्सननंतर इथे हॉटेल झालं, छापखाना झाला, गोदाम झालं. १८३२ मध्ये लेखक थॉमस कार्लाइल मुद्दाम शोधत आला. १८७६ मध्ये भिंतीवर गोल स्मृतिफलक लागला. पण फलक लागल्याने छप्पर गळायचं थांबत नाही. १९११ मध्ये सेसिल हार्म्सवर्थ या खासदाराने मोडकळीला आलेलं घर विकत घेतलं, वास्तुविशारद अल्फ्रेड बर याच्याकडून दुरुस्त करून घेतलं, आणि १९१४ मध्ये लोकांसाठी उघडलं. नंतरच्या वापरासाठी घातलेले आडोसे काढून जुनी मांडणी परत आणण्यावर भर होता. शेजारी राखणदारासाठी छोटंसं घर बांधलं, तेही आहे अजून.

दुसऱ्यांदा वाचलं ते दुसऱ्या महायुद्धात. फ्लीट स्ट्रीटचा परिसर बॉम्बहल्ल्यांत भाजून निघाला. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांना चहापाणी आणि विश्रांतीसाठी हे घर दिलं होतं. एकाहून अधिक वेळा छपराने पेट घेतला, माळा जळाला, पण विझवणारे घरातच होते म्हणून आग खाली उतरली नाही. माळ्यावर जा आणि मान वर करा: काही तुळया अजून काळ्या पडलेल्या आहेत. जिथे शब्दकोश झाला तिथलंच लाकूड जळालं. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते काळं लाकूड झाकलं नाही, हे फार बरं केलं.

१४. आतलं सामान जॉन्सनचंच आहे का?

थोडंच. त्याच्या आणि त्याच्या स्नेह्यांच्या काही वस्तू, चित्रं, पत्रं, पुस्तकं आहेत. बाकी त्या काळच्या पद्धतीचं. कर्जात बुडालेल्या भाडेकरूचं सामान अडीचशे वर्षांनी एका जागी मिळेल ही अपेक्षाच करू नये. खोल्या मोकळ्याच ठेवल्या आहेत, दोऱ्या लावून अडवलेलं फारसं काही नाही, आणि खुर्चीवर बसता येतं. जुनं म्हणून पाहायचं ते घर स्वतः: जिना, भिंतींच्या फळ्या, दार, जमिनीच्या लाकडी पाट्या. पाट्यांना चढउतार आहे, पायाला जाणवतो.

१५. मराठीशी या घराचा काही संबंध आहे का, की आपण उगाच जोडतो?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. १७५९ च्या जानेवारीत जॉन्सनची आई गेली. अंत्यविधीचा आणि तिच्या राहिलेल्या देण्यांचा खर्च भागवायला त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ ही छोटी कथा लिहिली. तेव्हा तो याच घरात राहत होता. शंभरेक वर्षांनी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचं मराठी भाषांतर सुरू केलं आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुरं केलं. पुढे १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली, तिच्यात विष्णुशास्त्रींनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिलं. त्यांच्या लांब, तोललेल्या वाक्यांवर जॉन्सनची छाप आहे हे वाचणाऱ्याला कळतं. म्हणजे आधुनिक मराठी गद्य घडत होतं तेव्हा त्याच्या मेजावर या घरातून निघालेलं पुस्तक होतं.

शब्दकोशाचा धागा निराळा. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्यामागेही अशीच खोलीभर माणसं होती, शब्द गोळा करणारे शास्त्री. माळ्यावर उभी राहिले की मला ते शास्त्रीही आठवतात. त्यांची नावं जॉन्सनच्या सहा लेखनिकांइतकीही कोणाला ठाऊक नाहीत.

१६. डॉ. आंबेडकरांचं लंडनमधलं घर असंच आहे का? दोन्ही एका दिवसात होतील?

घराचा प्रकार तोच, वय वेगळं. १०, किंग हेन्रीज रोड हे प्रिमरोझ हिल भागातलं घर. ओळीत बांधलेलं, विटांचं, अनेक मजली, पण व्हिक्टोरियन काळचं, म्हणजे गॉफ स्क्वेअरहून दीडशेच्या वर वर्षांनी धाकटं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे राहत्या घराचं संग्रहालय करायला स्थानिक कॅम्डन परिषदेने परवानगी नाकारली. राहण्याची जागा कमी होते हा मुद्दा होता. अपील झालं, जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली.

सकाळी एक, दुपारी दुसरं असं सहज जमतं. जुन्या घरांची आवड लागली असेल तर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते १०, हाउली प्लेस आणि सावरकर राहिले ते हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू ही दोन्ही बाहेरून पाहता येतात. दोन्हींवर फलक आहेत. तिथे लोक राहतात, म्हणून फोटो रस्त्यावरूनच काढा, घंटा वाजवू नका.

१७. ‘ग्रेड वन’ म्हणजे काय? सरकारच्या मालकीचं झालं का घर?

नाही. मालकीशी त्याचा संबंध नाही, घर एका धर्मादाय न्यासाकडे आहे. इंग्लंडमध्ये जतन करायच्या इमारतींची यादी असते आणि तिचे तीन दर्जे. पहिला दर्जा सगळ्यात वरचा, यादीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारतींना मिळालेला. हे घर त्यात आहे. यादीत आलेल्या घरात परवानगीशिवाय तोडफोड किंवा स्वरूप बिघडेल असा बदल करता येत नाही, आणि ते बाहेरच्या भिंतीपुरतं नसतं, आतल्या जिन्यालाही लागू असतं. म्हणूनच पुढच्या प्रश्नाचं उत्तर तसं आहे.

१८. आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना जमेल का?

लिफ्ट नाही, जिना चढावाच लागतो. पायऱ्या लाकडी, काही ठिकाणी झिजलेल्या. माळ्यापर्यंत थांबत थांबत गेलं तर पुष्कळांना जमतं, मध्ये बसायला खुर्च्या आहेत. गुडघे दुखत असतील तर तळमजला आणि पहिला मजला करा: दार, साखळी, फिरत्या फळ्या, ॲना विल्यम्सची खोली एवढं तरी नक्की होतं. निघण्याआधी त्या दिवशी घर उघडं आहे ना ते पाहून घ्या, आठवड्यातले काही दिवस बंद असतं. थंडीत जात असाल तर अंगावरचा स्वेटर काढू नका.

माझ्या आईला माळा जमला नाही. ती खालच्या खोलीत खिडकीशी बसली. मी वरून फोटो काढून आणले आणि जळक्या तुळया तिला फोनवर मोठ्या करून दाखवल्या. तिने विचारलं, “वर जिन्याने कोळसा कोण नेत असेल गं?” प्रश्न ६ मधला मजकूर तिच्यामुळे लिहिला.